साठ पावलांचा उजेड

डेल ट्रॉम्ब्लेच्या दुकानात खिळ्यापासून खोऱ्यापर्यंत सगळं मिळतं, फक्त मुकाट्याने काही घेऊन बाहेर पडता येत नाही. गिऱ्हाइकाला काय हवंय यापेक्षा ते कशाला हवंय यात त्याला जास्त रस. तेवीस वर्षं शेरीफच्या हाताखाली काढली; नोकरी सुटली, पण चौकशीची खोड काही सुटली नाही. म्हणून हेल्मी रौतिओने त्या सोमवारी मुद्दाम लांबलचक यादी नेली होती. उंदराचं औषध, खिडक्यांना लावायचा प्लॅस्टिकचा कागद, बर्फ ओढायचं फावडं, आणि या सगळ्याच्या मध्ये, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, एक टॉर्च.

डेलने यादी वाचली आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"टॉर्च कशाला?"

"वीज जाते."

"वीज आपल्याकडे चाळीस वर्षं जातेय. तू कधी टॉर्च मागितली नाहीस."

"डेल, तुला विकायचीय की नाही?"

"विकायचीय, म्हणून तर विचारतोय. अंधारात साखरेचा डबा शोधायची टॉर्च वेगळी." त्याने आवाज खाली आणला. "आणि दुसरी वेगळी."

शाळेत हेल्मी त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. बासष्टाव्या वर्षी त्याच्याशी लपंडाव खेळण्यात अर्थ नव्हता. शिवाय सुपीरियर सरोवराच्या या काठावर लपून काय राहतं? ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पेल्टो रस्त्याच्या टोकाला काय झालं ते चर्चमध्ये, बेकरीत आणि दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा सांगून झालं होतं.

झालं होतं ते एवढंच. शनिवार म्हणजे सौनाचा दिवस. परसातल्या त्या लाकडी खोलीत दगड तापवायचे, त्यावर पाणी मारायचं, वाफेत बसायचं आणि आठवडाभराचं सगळं अंगावरून धुऊन टाकायचं. हेल्मीच्या आजीपासून एक शनिवार चुकला नव्हता. आर्वो, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला, तेव्हाही मातीच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि तिने सौना तापवला होता. त्या संध्याकाळी ती अंघोळ उरकून ओल्या केसांनी, झगा गुंडाळून घराकडे निघाली. सौनाच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत साठ पावलं. निम्म्यावर, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबापाशी ती आली, तर लाकडांच्या खोपीशी एक माणूस उभा.

तो काही बोलला नाही. ती थांबली. मग त्याने तिच्या दिशेने एक पाऊल टाकलं. एकच. हेल्मीची पाचावर धारण बसली. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो वळला आणि चालत रस्त्याकडे गेला, घाई नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी शेरीफचा माणूस येऊन चिखलातले बुटांचे ठसे मोजून गेला. "मोठे बूट," तो म्हणाला. ते हेल्मीलाही दिसत होतं.

त्या माणसाने काही नेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. पण त्यानंतर हेल्मीने सौना तापवला नाही. ती घरातल्या टबात अंघोळ करू लागली, आणि टबातून बाहेर आल्यावर दरवेळी तिला वाटायचं, आपण स्वच्छ झालोच नाही.

ग्रँड रॅपिड्सहून तिची मुलगी केरिन रोज फोन करी. "आई, इथे खोली तयार आहे. थँक्सगिव्हिंगला आले की घराचं काय ते ठरवून टाकू. एका दलालाशी बोलून ठेवलंय." हेल्मी हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. मनातल्या मनात तिने एक शर्त लावली होती. थँक्सगिव्हिंगच्या आत, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत, ती साठ पावलं अंधारात स्वतःच्या पायांनी चालता आली, तर घर राहील. नाही आली, तर केरिनचं खरं. ज्या घराच्या परसात बाईला चालता येत नाही, ते घर तिचं कसलं?

"बंदूक आहे ना घरी?" डेलने विचारलं.

"आर्वोच्या चार आहेत. ओल्या हाताने, झग्याच्या खिशात कुठली घालू?" मग तिने खरं कारण सांगितलं. "आणि चाप एकदा ओढला की ओढला, डेल. तिथे कोण उभं आहे हे कळायच्या आधीच."

"मग खांबावर मोठा दिवा लाव."

"त्याच्या उजेडात मी दिसेन. खोपीमागे उभा असलेला कसा दिसेल?"

डेलने मान डोलावली. शेरीफकडे तेवीस वर्षं फुकट गेली नव्हती. त्याने दुकानाच्या दारावर 'दहा मिनिटांत येतो' ही पाटी लावली आणि काउंटरवर तीन टॉर्च मांडल्या.

पहिली हातभर लांब, काळी, चार जाड सेलची. "आर्वोकडे हीच होती."

"माहीत आहे. मुसळ आहे नुसतं. ती धरू की झगा धरू?"

दुसरीच्या खोक्यावर उजेडाचं माप म्हणून लाख लुमेन असं लिहिलं होतं आणि खाली गरुडाचं चित्र. "ही मी विकत नाही," डेल म्हणाला. "एकाने इंटरनेटवरून मागवली होती, ती लोकांना शहाणं करायला ठेवलीय. नाव मोठं, लक्षण खोटं. मोजायला गेलं तर पाचशेसुद्धा भरायचे नाहीत, आणि मिनिटभरात हात भाजतो."

तिसरी टॉर्च हाताच्या पंजाएवढी. मूठ बंद केली की दोन्ही टोकं जेमतेम बाहेर. हेल्मीने ती उचलली. अंगावर बारीक खाचा होत्या, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. बटण शेपटाला होतं.

"हजार लुमेन. पण आकड्याच्या मागे लागू नकोस. उजेड किती आहे यापेक्षा तो जातो कुठे ते बघ. नुसता पसरट असेल तर अंगण छान दिसतं, समोरच्याच्या डोळ्यांत काही जात नाही. नुसता बारीक झोत असेल तर डोळ्यांत जातो, पण स्वतःच्या पायाखालचा दगड दिसत नाही. हिला मध्ये झोत आहे आणि भोवती पसारा. चल मागे."

मागे माल ठेवायची खोली होती. डेलने तिथला दिवा घालवला. अंधारात त्याचा आवाज आला. "अंगठ्याने दाब. दाबलंस की लागते, सोडलंस की विझते. हात कानाजवळ धर. हां. आता माझ्या तोंडावर मार."

"तुझ्या तोंडावर?"

"चाळीस वर्षं मनात असेल तुझ्या. मार."

हेल्मीने बटण दाबलं. डेलचा चेहरा एकदम पांढरा फटफटीत झाला, डोळे मिटले, हात वर गेला आणि तो मागच्या रंगाच्या डब्यांवर जाऊन आपटला. तिने घाबरून अंगठा उचलला.

"बघ," तो डबे सावरत म्हणाला. "आता मला काही दिसत नाही. नुसते हिरवे गोळे नाचतायत. तीन सेकंद, चार सेकंद. तेवढ्यात तू काय करायचं?"

"मारायचं?"

"निघायचं! जे दार जवळ असेल ते गाठायचं आणि आतून कडी लावायची. टॉर्च मारामारीसाठी नाही गं, वेळ मिळवण्यासाठी आहे. आणि मोठ्याने बोलायचं. 'थांब' म्हण, काहीही म्हण, पण आवाज काढ. हिच्यात लुकलुक करायचीही सोय आहे, ती विसरून जा. घाबरलेल्या माणसाला एकच बटण आठवतं."

आवाज काढायचा, हे हेल्मीने मनात दोनदा घोळवलं. त्या दिवशी तेच जमलं नव्हतं.

मग आली सेलची पाळी, आणि तिथे डेलला खरा चेव आला. साधे सेल त्याने हातानेच बाजूला सारले. "हे खेळण्यांत घालायचे. थंडीत मान टाकतात, वर्षभर पडून राहिले तर गळतात. कडाक्याच्या थंडीच्या रात्री परसात निम्म्यावर गेलीस की उजेड पिवळा होईल, आणि मग विझेल. चार्ज करायचे चांगले असतात, पण तू चार्ज करणार का आठवणीने? आर्वोचा मोबाइल तरी कधी चार्ज असायचा?" त्याने दोन बुटके, जाडसर सेल तिच्या हातावर ठेवले. "हे लिथियमचे. एकदाच वापरायचे. दहा वर्षं कपाटात ठेवलेस तरी जिवंत, आणि थंडीला भीक घालत नाहीत. दोन आत, दोन जास्तीचे. जुना आणि नवा एकत्र घालायचा नाही, बदलायचे तर दोन्ही बदलायचे. आणि हेल्मी, एक सांगतो, हसू नकोस. ही टॉर्च सौनाच्या आत न्यायची नाही. तिथल्या उष्णतेत हे सेल फुटतील. बाहेरच्या, कपडे काढायच्या खोलीत ठेवायची."

हेल्मी हसली नाही, कारण ती नेमकी आत, स्वतःच्या शेजारी बाकावर ठेवायचा बेत करत होती.

"आणि खिशात असेल तेव्हा शेपूट पाव आटा सैल कर," डेलने शेवटचं सांगितलं. "नाहीतर आपोआप दाबली जाते. वापरायच्या वेळी आवळ."

दुसऱ्या दिवसापासून हेल्मीचा सराव सुरू झाला. दिवसा ती स्वयंपाकघरात डोळे मिटून बसायची, शेपूट आवळायची, दाबायची, सोडायची. हातमोजे घालून, ओल्या हाताने, डाव्या हाताने. संध्याकाळी सहाला, म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबरात गच्च काळोख पडल्यावर, ती मागचं दार उघडून पायऱ्या उतरायची. एक, दोन, तीन. खोपीवर उजेड मारायची. खोपीत लाकडं असायची, दुसरं काय असणार? दहा, अकरा. तिसाव्या पावलाला दोरीचा खांब यायचा आणि तिथे पाय थांबायचे.

ती पायांना समजवायची, रागवायची. उजेड सौनाच्या दारावर मारायची. दार दिसायचं, कडी दिसायची, उंबऱ्याजवळ पडलेली बादलीसुद्धा दिसायची. मग ती उजेड शेतावरून फिरवायची, पार रानाच्या कडेपर्यंत, प्रत्येक झाडामागे. कधी तिथे डोळ्यांच्या हिरव्या जोड्या चमकायच्या. हरणंच ती. माणूस एकदाही दिसला नाही. पण दिसला नाही म्हणजे नाही असं थोडंच? उजेड जिथे पडतो तिथे माणूस नसतो, हे तिला कळत होतं. तो नेहमी उजेडाच्या शेजारीच असायचा. पाच मिनिटांनी ती वळायची आणि घरात येऊन कडी लावायची. तीस जाताना, तीस येताना. हिशेबाने साठ झाले खरे, पण स्वतःला फसवायची सवय तिला नव्हती.

असे आठ दिवस गेले. आणि या आठ दिवसांत, जिच्या घराच्या भिंतीवर हरणांच्या शिंगांच्या एकवीस जोड्या टांगल्या आहेत, त्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. नोव्हेंबर महिना होता. बंदुकीच्या शिकारीचा मोसम दोन दिवसांवर आला होता. आणि नोव्हेंबरभर रानावर उजेड फिरवून हरणं शोधायची नाहीत, हा आमच्याकडे कायदा आहे. शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल. उजेडाने हरीण जागच्या जागी थिजतं, आणि चोरटे शिकारी तेच करतात. भीती माणसाला कॅलेंडरसुद्धा विसरायला लावते.

नवव्या संध्याकाळी ती खांबापाशी उभी होती, उजेड झाडांवर होता, आणि तिला घराच्या बाजूने खडी चुरचुरल्याचा आवाज आला. गाडीच्या चाकांखाली चुरचुरते तशी, हळू. पण दिवे नव्हते. हेल्मीने बटणावरचा अंगठा उचलला. काळोख झाला. काळोखात एक गाडी, दिवे बंद करून, तिच्या घराला वळसा घालून परसात शिरत होती आणि तिच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मध्ये येऊन थांबली. दार उघडलं. कुणीतरी उतरलं.

तिला पुढचं नंतर नीट आठवत नव्हतं. हात कानाशी गेला, अंगठा दाबला गेला आणि तोंडातून आवाज निघाला. असा निघाला की तिचा तिलाच परका वाटला. "थांब! तिथंच थांब! कोण आहे?"

उजेडात एक आकृती डोळ्यांवर हात घेऊन मागे कोलमडली. हेल्मी थांबली नाही. जवळचं दार, डेलने सांगितलं होतं. घराचं दार पलीकडे होतं. तिने पाठ फिरवली आणि सौनाकडे धावली, बादलीला ठेचकाळली, दार ओढलं, आत शिरून कडी घातली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"रौतिओबाई!" बाहेरून बाईचा आवाज आला. "मी शार्लीन लाप्लांट! वन अधिकारी! अहो, मला काही दिसत नाहीये!"

हेल्मीने फटीतून उजेड टाकला. हिरवट गणवेश, छातीवर बिल्ला, चाळिशीची बाई, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"दिवे बंद करून का आलीस मग?" हेल्मी आतूनच ओरडली.

"चोरट्या शिकाऱ्याकडे दिवे लावून जातात का?"

हेल्मीला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग लागला, आणि कोणी तोंडात मारावी तसं तिला झालं. तिने कडी काढली. ती कपड्यांच्या खोलीतल्या बाकावर बसली. शार्लीन चाचपडत आली आणि तिच्या शेजारी बसली. पाच आठवड्यांचा थंडगार सौना. दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तुम्ही मला अजून हिरव्या दिसताय," शार्लीन डोळे पुसत म्हणाली. "कुठून घेतलीत? डेलकडून?"

"हो."

"मलाही त्यानेच दिली. डब्यांवर आपटला का?"

"आपटला."

"मुद्दाम आपटतो मेला." ती हसली आणि मग गंभीर झाली. "रौतिओबाई, नोव्हेंबरात रानावर उजेड? तुम्ही? आर्वोंनी इथल्या अर्ध्या पोरांना शिकार शिकवली."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि हेल्मीने सांगितलं. केरिनला सांगितलं नव्हतं, डेलला अर्धंच सांगितलं होतं. "मला भीती वाटते. माझ्याच परसात. रोज ठरवून निघते आणि त्या खांबाच्या पुढे पाऊल पडत नाही. झाडांमागे कोणी नाही ना, एवढंच मी बघत होते. मला या घरात राहायचंय गं, आणि मला इथे यायला जमत नाहीये."

शार्लीनने लगेच धीर दिला नाही. त्याबद्दल हेल्मीने नंतर तिला मनोमन दुवा दिला. ती म्हणाली, "मी रोज दिवे घालवून एकटी रानात गाडी घालते. समोर बंदूकवाला असतो हे धरूनच. पंधरा वर्षं झाली. सवय होईल असं लोक म्हणाले होते. भीतीची सवय होते, पण ती जात नाही." मग तिने खिशातून वही काढली. "तुमच्या उजेडाबद्दल फोन कोणी केला ते सांगायची मला परवानगी नाही. पण काय म्हणाला ते वाचून दाखवते. हरणांच्या चोरीचे शेकडो फोन घेतलेत मी, असा घेतला नव्हता."

हेल्मीने टॉर्च वहीवर धरली. शार्लीन वाचू लागली. "पेल्टो रस्त्याच्या टोकाच्या घरामागे रोज सहाला उजेड निघतो. आठ दिवस झाले. खांबापर्यंत येतो. पाच मिनिटं रानावर फिरतो. परत जातो. सौनापर्यंत एकदाही गेलेला नाही. पाच शनिवार धूर नाही. हरणं मारणाऱ्याचं काम वाटत नाही. कुणीतरी जाऊन बघावं."

तिचं परस दिसेल असं घर एकच होतं, शेताच्या पलीकडचं. ओन्नी कांगास, वय एकोणऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं, शब्द जपून वापरणारा, जणू एकेका शब्दावर कर बसतो. कुणीतरी अंधारात उभं राहून आपल्याकडे बघतंय, या एका विचाराने तिची झोप उडाली होती. आणि कुणीतरी खरंच बघत होतं. तिची पावलं मोजत होतं. तिला रडू आलं, आणि त्याच वेळी रागही आला.

"आठ दिवस बघतोय म्हातारा," ती म्हणाली, "आणि एक फोन केला नाही मला. चोरीच्या नंबरावर केला!"

"नाव मी सांगितलेलं नाही," शार्लीन वही मिटत म्हणाली. "पावती फाडत नाही. पण उजेड गुडघ्याच्या खाली. झाडांवर दिसला तर मला यावं लागेल, आणि माझे डोळे आणखी एकदा सोसायचे नाहीत."

जाताना हेल्मीने तिला वेलदोड्याच्या पावाचा अर्धा तुकडा बांधून दिला आणि बजावलं, "आता दिवे लावून जा." त्या संध्याकाळी पाय सौनापर्यंत गेले होते खरे, पण पळून गेलेली पावलं तिने धरली नाहीत.

सकाळी तिने ओन्नीला फोन लावला.

"हं," ओन्नी म्हणाला.

"काल माझ्याकडे अधिकारी आली होती."

"हं."

"तूच ना रे?"

"हं."

"पाच आठवडे मी टबात अंघोळ करतेय, आणि तुला चार पावलं येऊन विचारता आलं नाही?"

"धूर नव्हता," ओन्नी म्हणाला.

आमच्याकडे शनिवारी सौनाच्या धुराड्यातून धूर निघाला की तेच आमंत्रण. ज्याला दिसेल त्याने टॉवेल घेऊन यावं, कुणी विचारत नाही, कुणी बोलावत नाही. आर्वो होता तेव्हा ओन्नी एकाआड एक शनिवारी यायचा. पुरुषांनी आधी, मग बायकांनी, मग सगळ्यांनी कॉफी. आर्वो गेल्यावर तो आला नाही. एकट्या बाईकडे कसं जावं, असं त्याला वाटलं असणार. आणि तिला वाटलं, याला यायचं नसेल.

"ओन्नी, एक विचारते. ऑक्टोबरात खोपीजवळ तू नव्हतास ना?"

"नाही." मग, "मी असतो तर हिरवी लाकडं वर का रचलीस म्हणून ओरडलो असतो."

म्हणजे तो दुसरा कुणीतरी होता, अजूनही कुठेतरी होता. फोन ठेवायच्या आधी हेल्मी म्हणाली, "शनिवारी धूर दिसेल."

"हं," ओन्नी म्हणाला.

शनिवारी तिने उजेड असतानाच लाकडं भरली, चूल पेटवली, पाणी नेलं. धुराडं पाच आठवडे गार होतं, आधी धूर सौनातच कोंडला, मग सरळ वर चढला. दुपारी केरिनचा फोन आला. दलाल कधी आणू, तिने विचारलं. "सौना तापतोय, नंतर बोलू," हेल्मी म्हणाली आणि फोन ठेवला.

सहाला हेल्मीने झगा बांधला, वर आर्वोचा कोट चढवला, शेपूट आवळली आणि दार उघडलं. थंडीने नाक जळत होतं. उजेड गुडघ्याच्या खाली. एक, दोन, तीन. खोप. तिने खोपीकडे बघितलं आणि पुढे गेली. भीती होती, ती बरोबर चालत होती, एखाद्या न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. एकोणतीस, तीस. खांब. पाय थांबले.

हेल्मीने शेताकडे बघितलं. पलीकडे ओन्नीच्या स्वयंपाकघराचा दिवा होता. आत्ता तो खिडकीत उभा असेल आणि मोजत असेल, तिला वाटलं. बघ मग, ती पुटपुटली, आणि एकतिसावं पाऊल टाकलं. पन्नास. बादली. साठ. हात कडीवर पडला. लाकूड आतून गरम झालं होतं.

तिने वळून पुन्हा बघितलं, त्याला कळावं म्हणून, तर खिडकीतला दिवा विझला होता. आणि शेताच्या मधोमध एक पिवळा उजेड हलत होता. ठिपक्याएवढा, हळूहळू तिच्याकडे येणारा. ओन्नी टॉवेल घेऊन निघाला होता. तिला हसू आलं. कसला तो उजेड! मागच्या वर्षीचे सेल असणार, साधे. डेलने बघितले असते तर कपाळाला हात लावला असता. तो उजेड पिवळ्याचा तांबूस झाला, थरथरला आणि विझला.

हेल्मीने वाट बघितली. परत लागला नाही. शेतात मध्येच पाण्याचा चर आहे, कमरेएवढा खोल, वर पातळ बर्फ. म्हाताऱ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि चष्मा थंडीत धुरकटतो.

"ओन्नी!"

उत्तर नाही. तिच्यासमोर सौनाचं दार होतं, मागे घराचं. आणि शेताकडे काही नव्हतं; नुसता काळोख, ज्यात कोणीही असू शकत होतं. तिने टॉर्च उचलली. गुडघ्याच्या वर, कमरेच्या वर, सरळ कानाशी, आणि नोव्हेंबर महिन्यात रानाच्या दिशेने पूर्ण झोत सोडला. ज्याला पावती फाडायची त्याने खुशाल फाडावी. झोत गवतावरून पळत गेला, चरावरून गेला आणि चराच्या पलीकडे थांबला. तिथे एक वाकलेला म्हातारा, बगलेत टॉवेल, मेलेली टॉर्च तळहातावर आपटत उभा होता. उजेड डोळ्यांत गेला तसा त्याने हात वर केला.

हेल्मीने झोत चटकन त्याच्या पायांशी आणला.

"हलू नकोस!" ती ओरडली, आणि आवाज पार रानापर्यंत गेला. "पुढे चर आहे. मी येतेय."

एकसष्ट, तिने मोजलं, आणि पुढे मोजायचं राहूनच गेलं.